उठून गेलेले

तांबट आळीत पहिल्यांदा गेले
तेव्हा वहीत एकच प्रश्न होता :
हातोडीचा ठोका कानाला कितीला पडतो?
सोबत ऑडिओमीटर, दोन हेडफोन,
आणि साध्या मराठीत छापलेलं संमतीपत्रक,
जे ठोक्यांपायी कुणाला वाचून दाखवता येईना.

चौतीस जणांचे कान तपासले.
बंब, घंगाळ, तपेलं अर्धं सोडून
एकेक जण मागच्या कोठीत यायचा,
शिट्टी ऐकू आली की बोट वर करायचा
शाळेत हजेरी द्यावी तसा.

आकडे चांगले आले. फारच चांगले.
चौतीसांत एकोणतीस ठणठणीत.
तुलनेला घेतलेल्या फुलबाजारातल्या पोरांपेक्षा
दोन डेसिबल सरसच.
रात्री पंचवटीतल्या खोलीवर
मी तो आलेख तीनदा काढला
आणि, आता सांगायला लाज वाटते,
तिन्ही वेळा खूश झाले.

सकाळी त्र्यंबकआप्पांच्या ओट्यावर
गोदाक्का तांदूळ निवडत होत्या.
म्हटलं, आक्का, आळीचे कान शाबूत आहेत.
सुपातून मान वर न करता त्या म्हणाल्या,
"बसलेत त्यांनाच विचारलंस ना?
उठून गेले त्यांचं काय?"

मग एकेक खडा बाजूला काढावा तशी नावं :
थोरले दीर, सिन्नरला लेकीकडे.
दामू कर्डे, ठोका चुकायला लागला, पोचे पडायला लागले,
आता रविवार कारंजावर चहाची गाडी.
धाकटा नारायण, सातपूरला वॉचमन झाला होता,
गेटवरचा हॉर्न ऐकू येईना, तेही गेलं.
"पत्रा बोलतो, बाई.
तो काय म्हणतो ते कळेनासं झालं
की हातोडी खाली ठेवायची. रीतच आहे."

म्हणजे मी मोजायच्या आधीच
आळीनं सगळ्यांचे कान तपासून
नापास झालेले घरी पाठवले होते.

शितावरून भाताची परीक्षा,
सरांनी नमुना याच म्हणीवरून शिकवला होता.
भात आधी ढवळायचा असतो, हेही सांगितलं असेल.
मी वरची मोकळी, पांढरी शितं घेऊन
पातेल्याविषयी बोलत होते.
करपलेलं तळाशी होतं.

पुन्हा सुरुवात. समाजाच्या वर्गणीची जुनी वही मिळवली,
वीस वर्षांपूर्वीची, दोनशे बारा नावं.
चिठ्ठ्या केल्या, आप्पांच्याच कळशीत हलवल्या,
आणि निघाली ती नावं घेऊन
ओझर, सिन्नर, एकदा थेट मालेगाव.
सोयीचा माणूस घ्यायचा नाही,
चिठ्ठीतला घ्यायचा, तो कितीही लांब राहो.

सात जण वारले होते.
त्यांच्यापुढे शून्य लिहिलं नाही,
रकाना रिकामा ठेवला.
शून्य म्हणजे विचारलं आणि काही नव्हतं.
रिकामं म्हणजे विचारता आलं नाही.

फुलबाजारातली पोरं? त्यांतली निम्मी
ढोलपथकात निघाली. गणपतीआधी दोन महिने
रोज संध्याकाळी गंगेवर सराव.
मी हातोडीची तुलना ढोलाशी करत होते
आणि तिला शांतता म्हणत होते.

परवा मार्गदर्शक बाईंचा फोन : फरक आहे का, एका आकड्यात सांग.
म्हटलं, आहेसा दिसतो,
चार ते एकोणीस डेसिबलच्या मधे कुठेतरी.
एवढा ऐसपैस?
हो बाई. माणसं थोडी, म्हणून.
त्या गप्प बसल्या. अहवालाची मुदत तीसची होती.

चिठ्ठीत शेवटचं नाव त्र्यंबकआप्पांचंच आलं.
टीव्ही बंद केला, हेडफोन चढवला.
मधेच एकदा, नियमाप्रमाणे,
मी कुठलंच बटण दाबलं नाही.
आप्पांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं
आणि हळूच बोट वर केलं.

पोर एवढ्या लांबून आलीये, म्हणून असेल.
मी ते बोटही लिहून घेतलं.