समजा

शनिवारी बांबोळीहून निघून, मडगावात बस बदलून
मी कुडचड्याला पोचते, तेव्हा जेवणाच्या टेबलाचं मेणकापड
गौरीशच्या वह्यांनी अर्धं झाकलेलं असतं.
उरलेलं अर्धं माझं.
मध्ये सोलकढीचं भांडं, सरहद्दीसारखं,
आणि दोघांचेही कोपर ती न मानणारे.

पुस्तकं इंग्रजीत. गौरीश मोठ्याने वाचतो, वाचताना मराठी करतो,
म्हणून आमच्याकडे प्रत्येक गणित 'समजा'पासून सुरू होतं.
लहानपणी मला वाटायचं, हे कुणीतरी रागावून सांगतंय:
समजा! एकदाचं समजा!

माझं पहिलं:
एक हजार मिली सलाईन, आठ तास,
वीस थेंबांचा एक मिली. मिनिटाला किती थेंब?
एक्केचाळीस पूर्णांक सहासष्ट, मी लिहिते आणि खोडते.
सिस्टर एर्मेलिंदा म्हणाल्या होत्या,
तो पुढचा पॉइंट सहासष्ट थेंब मला लटकताना दाखव,
मग देते मार्क.
बेचाळीस.
वॉर्डात घड्याळ धरून मोजत होते तेव्हा
केप्याची एक म्हातारी माझ्याबरोबर ओठ हलवत होती.
सतराला थांबली.
पुढचे आकडे येत नव्हते की झोप लागली, कळलं नाही.

गौरीशचं:
समजा, एक ट्रक सोळा लाखांना घेतला, आयुष्य आठ वर्षं,
भंगारात एक लाख साठ हजार.
सरळ रेषा पद्धतीने घसारा काढा.

बाहेर सोप्यावर खुर्ची करकरते.
"समजा कशाला?" बाबा आत येतात. "मागच्या दारी उभा आहे.
आणि सोळा नव्हे, साडेचौदा.
रेषा तरी कुठची सरळ? रिवणच्या चढावर चल एकदा."
मग वहीकडे बघत, जरा खालच्या आवाजात:
"खाण बंद झाली ती पाच वर्षं तो हललाच नाही.
न चाललेल्या वर्षांचाही धरतात?"
"धरतात बाबा. उभ्या उभ्यासुद्धा."
बाबा माझ्याकडे बघतात,
जणू नर्सिंगच्या पुस्तकात वेगळं उत्तर असेल.
नव्हतं. तिथे लिहिलंय, पडून असलेल्या माणसाची
दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठ सोलवटते.
मी पान उलटलं.

दहा अर्भकांची वजनं, सरासरी काढा: दोन पूर्णांक सात.
एक आकडा फार खाली, एक पूर्णांक चार.
तो वगळला की सरासरी सुधारते, दोन पूर्णांक चौऱ्याऐंशी,
सगळी बाळं एकदम गुटगुटीत.
पण एक पूर्णांक चारला मी ओळखते.
पायाला पट्टी: 'सुलक्षाचं बाळ'. नाव अजून ठेवलं नव्हतं.
काट्यावर ठेवलं तेव्हा माझं बोट धरून बसलं,
दोनदा वजन चुकलं.
ठेवला तो आकडा. जातील दोन मार्क.

आई तवा धूत विचारते, तिसरं काय?
पाच वर्षांनी मिळणाऱ्या लाखाची आजची किंमत,
दहा टक्क्यांनी. बासष्ट हजार ब्याण्णव.
"म्हणजे वाट बघायचे अडतीस हजार," आई म्हणाली,
"स्वस्त आहे," आणि नळ बंद केला.

मग आम्ही तिघं बॅटरी घेऊन मागे गेलो.
दोडक्याचा वेल आरशापर्यंत चढलेला,
ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी, तिच्याखाली चार अंडी.
"ही कुठल्या बाजूला लिहू?" गौरीशने विचारलं.
"आधी मोज," बाबा म्हणाले. "कालची दोन आईने उचलली."

पहाटे पोदेराच्या भोंप्याने जाग आली.
सुट्टे नव्हते. "राहू दे, मांडून ठेवतो,"
म्हणाला तो, सहा उंडे देऊन सायकलवर चढला.
पिशवी घेऊन मागे वळले तर
बाबा जॅक लावून बसलेले.
पुढचं चाक जमिनीपासून चार बोटं वर,
ते हाताने अर्धा वळसा फिरवून
त्यांनी परत खाली टेकवलं.
टायरला एकाच जागी भार नको, म्हणाले,
आणि दुसऱ्या चाकाकडे गेले.