इजेचे टक्के

ओडील गिद्री गमबूट घालून बांधावरून चालते.
क्रॉलीच्या दक्षिणेला, लुइझियानात,
जमीन इतकी सपाट
की पाण्यालाही कुठे जावं ते सुचत नाही.
गळ्यात पाटी, पाटीला दोरीने बांधलेली पेन्सिल.
शाई इथल्या दमट हवेत फुटते.

बत्तीस वाण. एकाच सकाळी, एकाच नोझलखाली,
तोच डोस, तणनाशक तेच,
वारा ताशी चार मैल.
आज सातवा दिवस.
शून्य म्हणजे काहीच झालं नाही.
शंभर म्हणजे मेलं.
मधलं सगळं तिने नजरेने ठरवायचं.

एकशे नऊ, लांब दाण्याचा: पाच टक्के.
पानांची टोकं पिवळी, उन्हानेही होतात तशी.
त्याच्या शेजारचा, मध्यम दाण्याचा: दहा.
आणि दोनशे चौदा.
दोनशे चौदाची जुनी पानं हिरवीच आहेत,
नवी मात्र पांढरी येतायत,
सुरळीतूनच पांढरी.
ती वाकते, एक पान बोटांत धरते,
बराच वेळ.
मग लिहिते: सत्तर.

बांधावर क्लोविस ब्रूसार्ड ट्रकला टेकून उभा.
क्रॉफिशचे पिंजरे उपसून तसाच आलाय, वासासकट.
"कुठला पेरू, एवढंच सांग."
त्याच्या शेतात लाल भात माजलाय,
भाताचाच भाऊ, भातासारखाच दिसणारा,
कापणीआधी झडून चिखलात दडून बसणारा.
एका भावाला मारणारं औषध
दुसऱ्याला ओळखणार कसं?
"थांब," ओडील म्हणते. "अजून पांढरंय."

चौदाव्या दिवशी दोनशे चौदा: चाळीस.
एकविसाव्या: पंधरा.
अठ्ठाविसाव्या दिवशी ती दोनदा पाहते,
चष्मा पुसून तिसऱ्यांदा,
आणि लिहिते: शून्य.
रकाने इथे संपतात.

मी ज्या भाषेत हे लिहितेय
तिच्यात मानवणं वेगळं आणि सोसणं वेगळं.
एकशे नऊला औषध मानवलं.
दोनशे चौदाने ते सोसलं.
पाटीवर दोघंही शून्य.

रकाने संपल्यावरही ओडील जात राहते,
कुणी सांगितलेलं नसताना, जेवणाच्या सुट्टीत.
एकशे नऊ निसवला, त्यावर कोळ्यांनी जाळी विणली.
दोनशे चौदा अजून पोटरीत.
नऊ दिवस मागे.
समासात तिरकं लिहिते: उशीर, ९.

क्लोविस ते वाचतो, हसत नाही.
"नऊ दिवस गेले तर खोडवा गेला.
आणि पुढे वादळांचे दिवस."
एकशे नऊच्या चाळीस पोत्यांची नोंद करून जातो.

संध्याकाळी ती पाटी धुते.
शेवटचा एक वाफा राहिलाय,
न फवारलेला, फक्त तुलनेसाठी ठेवलेला.
तिथे सावा छातीएवढा वाढलाय,
भात शोधायला तिला हातांनी गवत दुभंगावं लागतं:
तीन फुटवे, बोटाएवढे, हिरवेगार.
एकाही पानावर डाग नाही.

नियमाप्रमाणे ती लिहिते,
औषधाने झालेली इजा: शून्य.