सव्वाशे जाळ्या

भांडुपच्या गाळण केंद्रात एकतीस वर्षं
मी शहराचं पाणी पिवळं होतं का ते पाहिलं.
परीक्षानळीत रसायनाचे चार थेंब,
लिंबाच्या सालीइतका रंग आला की सही.
म्हणजे क्लोरीन आहे,
म्हणजे पाण्यात जिवंत काही नाही.
जा, प्या.

आता चेंबूरला, परसात,
साडेचार फूट खोल पाण्यात
डिमेलोंचे सात कोई आहेत.
त्यांचा बंगला टॉवरला गेला.
सोळाव्या मजल्यावर तळं नेता येत नाही, म्हणाले,
आणि कुंपणावरून बादल्या दिल्या एकेक,
ओल्या गोणपाटाखाली झाकून.
फिल्टर मात्र आधीच भंगारात गेला होता.

कुर्ल्याच्या मासेबाजारात शब्बीरने एक हिरवा डबा काढला,
झाकणात निळा दिवा.
"पाणी काचेसारखं होईल, चाचा."
आणि अमोनियाचं काय?
"ते काय असतं?"
काचेसारखं पाणी मी जन्मभर पाहिलंय, बाबा.
त्यात न दिसणारं काय असतं
त्याचाच मला पगार होता.

मग दोन निळी पिंपं आणली.
पाच हजार लिटर पाणी, तासाला तेवढंच फिरवणारा पंप.
पहिल्या पिंपात ब्रश: पानं, विष्ठा, जड ते तिथेच बसावं.
दुसऱ्यात अंग घासायच्या प्लास्टिकच्या जाळ्या,
सव्वाशे.
दुकानदार म्हणाला, हॉस्टेल आहे का?
हो म्हटलं.
खोटं नव्हतं.
फक्त राहणारे दिसत नाहीत,
आणि पहिले सहा आठवडे येतही नाहीत.
मी रोज सकाळी चहाआधी नळी धरून बसायचो:
अमोनिया उतरला, नायट्राइट चढला,
मग एका मंगळवारी तोही उतरला,
आणि जाळ्यांवर बुळबुळीत तपकिरी साय धरली.
हिलाच मारायला मी नोकरीला होतो.

मार्चमध्ये मिरजेला लग्नाला गेलो, चार दिवस.
सगुणाने जाळ्या नळाखाली घासून धुतल्या.
दोरीवर वाळत घातल्या, चिमटे लावून,
सव्वाशेच्या सव्वाशे, रंगीत, लख्ख.
"किती घाण साचली होती, साहेब."
तिचं काय चुकलं? घाणच होती.
आणि नळाचं पाणी माझ्याच केंद्राचं,
क्लोरीन अगदी नियमात,
चोख.

परतलो तेव्हा मासे वर येऊन तोंडं उघडत होते.
अर्धं पाणी काढलं, अर्धं भरलं,
हायपोचे खडे, मीठ, हवेचा पंप रात्रभर.
सहा राहिले.
सातवा काळ्या अंगाचा, गळ्याशी पांढरा पट्टा,
डिमेलो त्याला फादर म्हणायचे.
त्याला पेरूखाली पुरला.
फोनवर सांगितलं तर ते बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, बाकीचे खातात ना?

खातात.

आता जाळ्या तळ्यातल्याच पाण्यात, बादलीत,
एका वेळी निम्म्याच,
चिंच कोळावी तशा दोनदा दाबायच्या, बस.
गढूळ पाणी पेरूला.
हे सगुणाच करते, मी नुसता उभा असतो.
परवा तिने एक जाळी उजेडात धरली,
डोळे बारीक करून पाहिली
आणि विचारलं,
"साहेब, एवढी घाण पुरे का
की अजून थोडी ठेवू?"