छतावरचा डाग

दिवाण विकायला काढलाय.
उद्या दोन हमाल येतील. लोखंडी जाळीच्या लिफ्टमध्ये
तो मावणार नाही, हे मला आत्ताच ठाऊक आहे.
सदतीस वर्षांपूर्वी तो दोरखंडाने खिडकीतून आत आला,
तेव्हा साल्गेरो रस्त्यावर माणसं थांबून
माना वर करून बघत होती.

मी खुर्चीत, डोक्यांच्या मागे.
वही, पेन्सिल, भोपळ्याच्या कपात निवत गेलेला येर्बा.
समोर फक्त डोकी: कुणाचं विरळ, कुणाचं रंगवलेलं,
आणि दर गुरुवारी ओविदियो लेस्कानोचं,
टोपीची गोल खूण पडलेलं.

बस चालवायचा तो. स्वप्नातही तीच बस.
पाणी सीटपर्यंत चढलेलं,
उतारू भाडं देतायत ओल्या साखरेच्या खड्यांनी,
आणि ब्रेक पायाखाली पावासारखा मऊ.
मी म्हणाले, वडील.
तो म्हणाला, नाही हो.
मी लिहिलं: प्रतिकार.
महिन्याने तो म्हणाला, असतीलही वडील.
मी लिहिलं: प्रगती.
छापा पडला तरी मी जिंकले, काटा पडला तरी मीच;
नाणं उडवणारी मी, झेलणारीही मी.
त्याने काय म्हटलं असतं म्हणजे मी चुकले असते?
हा प्रश्न एकाही वहीत नाही.
शोधला. कालची सगळी रात्र शोधला.

मग एदेल्मिराने, त्याच्या बायकोने, त्याला दवाखान्यात नेलं.
झोपेत त्याचा श्वास तासाला चाळीसदा थांबत होता.
पाणी म्हणजे वडील नव्हते;
घशामागचं सैल मांस होतं.
एक मुखवटा, एक नळी, रात्रभर घरघरणारं यंत्र,
आणि तिसऱ्या रात्री बस कोरडी.
सात वर्षांची फी मी मनातल्या मनात मोजली
आणि मान खाली घातली.

पुढच्या गुरुवारी तो आलाच.
टोपी काढली, आडवा झाला.
"पाणी गेलं, डॉक्टर.
पण शेवटच्या सीटवरचा पोरगा अजून बसलाय
बूट हातात घेऊन. यंत्राने काही तो उतरत नाही."

मी काहीच विचारलं नाही.
पद्धत म्हणून नव्हे, लाजेने.
खाली फुलवाला ओरडत होता, गेला, परत आला.
मग तो म्हणाला: रुफिनो. धाकटा.
आईने रोसारिओच्या मावशीला दिला,
पाच तोंडांतलं एक कमी.
"थांब्यापर्यंत गेलो होतो मी. हात नाही हलवला.
प्रत्येक स्वप्न म्हणजे इच्छा, असं तुम्ही म्हणता ना?
यात कुठाय इच्छा?"
मला हो म्हणता आलं नाही. नाही म्हणायचंही धैर्य झालं नाही.

मनी वसे ते स्वप्नी दिसे,
इतकं सरळ असतं तर माझ्याकडे आलं असतं कोण?
आणि मनात काहीच वसत नसेल,
नुसतं गुदमरणं असेल, मेंदूतली फुकटची ठिणगी असेल,
तर त्या पोराच्या हातात बूट दिले कुणी?

आज दुपारी खोली रिकामी.
मी पहिल्यांदाच दिवाणावर आडवी झाले.
वर, छताला, ओलीचा डाग:
मान ताणलेला घोडा.
घोडा! सेन्योरा बिर्नबाउमचा घोडा,
ज्याच्यापायी आम्ही अकरा महिने घालवले,
लगाम, नवरा, आजोबांचा तबेला, सगळं उपसून.
बाई फक्त वर बघत होती.

इतकं हसले की स्प्रिंगा वाजल्या.
हसू ओसरल्यावर आठवलं:
याच डागात एकाला आत्याची टोपी दिसायची,
एकीला न झालेलं मूल.
ओविदियोला कधीच काही दिसलं नाही;
तो डोळे मिटून बोलायचा.

वरच्या मजल्यावरचा नळ गळतोय. प्लंबरला सांगायला हवं होतं.
डोळे जड झालेत.
दिवाण मळू नये म्हणून बूट काढले,
ठेवायला जागा दिसेना,
हातातच आहेत.