मापाडी

किल्ली माझ्याकडे असते, पण दार हट्टी आहे.
आधी खांद्याने रेटायचं, मग वर उचलायचं,
तेव्हा कुठे डोंगर तोंड उघडतो.
पाहुणे इथवर येत नाहीत.
खालच्या ओळीत रंग टिकलेत, दिवे आहेत,
उतरायला लाकडी पायऱ्यासुद्धा.
चौथ्या ओळीत फक्त मी, वटवाघळं
आणि सेनेब-हाप:
राजाच्या कोठारांचा मुख्य,
दोन्ही काठांच्या धान्याचा मोजणीदार,
राजाच्या कानाजवळचा, वगैरे.
पदव्या चौकटीवरून उतरत उतरत जमिनीला टेकतात.
मला वाचता येत नाहीत. नेरमीन बाईंनी वाचून दाखवल्या,
गेल्या हिवाळ्यात, कापसाने भिंतीचा खार टिपताना.

आजोबा माझे इथेच जन्मले.
तेव्हा अख्खी वस्ती या थडग्यांत राहायची.
त्या खांबाला आमची शेळी,
छतावरचा काळा पट्टा आमच्या चुलीचा.
पुढे सरकारने आम्हाला खाली सपाटीवर नेलं
आणि पगार देऊन मला परत वर धाडलं,
त्याच घराची राखण करायला.

उजव्या भिंतीवर साऱ्याचा दिवस आहे.
रास पडलीय. मापाडी पायली बुडवतो.
चार कारकून, चार लेखण्या कानांवर.
एकाला पालथा पाडलाय, दोघांनी धरलाय,
तिसऱ्याच्या हातात काठी.
चित्रकाराने त्याचे तळवे मन लावून काढलेत,
भेगांसकट.
त्याच्या डोक्यावर नाव नाही.
कुत्र्याच्या डोक्यावर आहे.

आतल्या दारावर, बाई म्हणाल्या, लिहिलंय:
भुकेल्याला मी भाकर दिली.
मी माप मारलं नाही.
मी विचारलं, हे त्याने सांगितलं कुणाला?
मेल्यावर जे विचारतात त्यांना.
आणि तो पालथा? त्याला कुणी विचारलं?
बाईंनी कापूस बदलला.

बशन्स महिन्यात धाकटा भाऊ, अब्दुर्राझी,
गहू घेऊन सरकारी गोदामावर गेला.
दोन रात्री रांगेत, ट्रॅक्टरवरच झोपला.
आला तो हातात गुलाबी चिठ्ठी घेऊन:
इतके अर्दब. धुळीपायी इतके वजा. ओलाव्यापायी इतके.
"ओलावा?" तो म्हणाला.
"इथे? थुंकलं तर खाली पडायच्या आत सुकतं."

दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी मी वर आणली.
का, ते विचारू नका.
टॉर्च लावून सेनेब-हापसमोर धरली.
तो आपला हजार भाकरी, हजार रांजण बियर
मांडून बसलेला, नाक कुणीतरी फोडलेलं,
एक हात पुढे.
देतोय की घेतोय, चित्रातून कळत नाही.

डावी भिंत अर्धीच राहिली.
लाल दोरीने आखलेल्या चौकटींत
एकच माणूस सुरू झालेला:
दोन पाय, कंबर, हातात पायली.
चेहऱ्यापर्यंत पोचायच्या आत साहेब वारले,
पाथरवट हत्यारं गुंडाळून गेले.
पायली भरलेली की रिकामी,
तेही ठरायचं राहून गेलं.

त्याच्या पायाशी एक चीर आहे, बोटभर.
चिठ्ठी मी तिच्यात सरकवली.
दार उचललं, रेटलं, कुलूप घातलं.
उद्या इन्स्पेक्टर आलाच तर वहीत नोंद करावी लागेल:
एक कागद, अलीकडचा.
मालक अज्ञात.