मधली गर्दी

सॉफ्टवेअरचा परवाना मार्चमध्येच संपला होता,
आणि नव्याच्या मंजुरीचा कागद
पणजीहून फर्मागुडीला यायचा होता.
म्हणून बेर्नार्दनं कपाटातून जुनं जाळं काढलं:
पुठ्ठ्यावर डकवलेला वर्तुळाचा छापा,
मधोमध टाचणीचं भोक,
तीस वर्षांच्या पोरांनी रुंद करून ठेवलेलं.

दिवाडीच्या फेरीबोटीची फळी तुटली होती.
माणसं वाचली. एक स्कूटर आणि उंड्यांची टोपली
मांडवीत गेली, एवढंच.
त्या पत्र्याचा बोटभर तुकडा आमच्या टेबलावर,
आरशासारखा घासलेला,
आणि त्यातल्या तीनशे बारा कणांचे कोन
माझ्या वहीत, आकड्यांत.

आकड्यांवरून कण कसा बसलाय ते कळत नाही.
मग असं धरायचं, की तो एका गोलाच्या पोटात आहे.
त्याच्या अंगाअंगातून एकेक सुई सरळ बाहेर,
जिथं ती गोलाला टोचेल तिथं ठिपका.
डोळा न्यायचा पार तळाला, दक्षिण टोकावर,
आणि विहिरीतून आभाळ बघावं तसं वर बघायचं.
मधल्या कागदावर नजर जिथं अडते,
तिथं पेन्सिल.
खालचा अर्धा गोल आपण काढत नाही.
तो आहे, एवढं लक्षात ठेवायचं.

कणामागे तीन, असे नऊशे छत्तीस ठिपके.
दोन दिवस ट्रेसिंग पेपर टाचणीभोवती फिरवला,
तळहाताच्या घामानं तो एका कडेला सुरकुतला.
दुसऱ्या संध्याकाळी वर्तुळाच्या मध्यावर
साखरेवर मुंग्या धराव्यात तशी गर्दी.
मी अहवाल लिहून टाकला:
कारखान्यात लाटतानाच कण एका अंगावर निजले,
म्हणून पत्रा पापुद्र्यासारखा सुटला.
दोष पत्र्याचा.

बेर्नार्दनं उभ्याउभ्याच वाचला.
"बाय, पाग मारूंक येता तुका?"
नाही म्हटलं.
"पागाची घरं मध्ये बारीक, काठाला मोठी.
मधल्या घरांत मासळी खेटून दिसते.
म्हणून नदीच्या मध्येच मासळी होती, असं लिहिशील?"
आणि पट्टी लावून त्यानं दाखवलं:
काठाचं घर मधल्या घराच्या जवळपास चौपट.
या जाळ्यात कोन शाबूत राहतो,
जागा राहत नाही.
हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते.

कपाटात दुसरं जाळं होतं, कमी मळलेलं.
त्यात काठाची घरं दबलेली, तिरकी,
पण प्रत्येकाला सारखीच जागा.
पुन्हा दोन दिवस. तेच कण, तेच आकडे.
मुंग्या पांगल्या.
मूठ सैल पडून सांडलेल्या भातासारखे
ठिपके सगळीकडे, कुठंच जास्त नाहीत.

पत्रा निर्दोष होता.
मग उरला फक्त जोड.
फाइलच्या सोळाव्या पानावर वेल्डरचं नाव:
एस्तेव रेबेलो, दिवाडी.
बेर्नार्दही रेबेलोच.
मी वर पाहिलं तेव्हा तो
टाचणीचं टोक बोटावर घासून बघत होता.
फाइल माझ्याकडे यायच्या आधी
त्याच्या हातून गेली होती, एप्रिलमध्ये.
पहिला अहवाल तसाच जाऊ दिला असता
तर कुणाला काय कळणार होतं?

मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.
नवा अहवाल त्यानंच टाइप केला,
माझ्या दोन चुका सुधारल्या,
भोकं पाडून दोरा ओवला.
दोन्ही जाळी एकावर एक ठेवून
कपाटाला कुलूप लावलं.

पंधरवड्यानं एका रविवारी पलीकडे गेले होते, कामासाठी.
उलट्या फेरीत नव्या फळीजवळ बेर्नार्द उभा,
खांद्यावर पाग, शिशाच्या गोळ्या पाठीवर लोंबत्या.
शेजारी एक तरुण, तसंच रुंद कपाळ.
दोघं बोलत नव्हते,
किंवा इंजिनाच्या आवाजात
मला ऐकू आलं नसेल.