साचा घट्ट होईपर्यंत

धारकर सरांच्या बोळक्यात मी गुलाबी लगदा भरतो
आणि म्हणतो, तीन मिनिटं. हलायचं नाही.
छावणीतल्या माझ्या दुकानात
ते प्रश्न विचारत नाहीत असा वेळ एवढाच.

खुर्चीत टेकेपर्यंत विचारून झालेले असतात:
एकात तीन कसे, अमोलिक? गणित मांडून दाखव.
बापाला क्षमाच करायची होती तर रक्त कशाला?
पळालेला मुलगा घरी परतला
तर आधी दुसऱ्या मुलाला मारतं का कोणी?
आणि तुझा पणजा, नगरकडचा,
छप्पनियाच्या दुष्काळात बाटला,
तो येशूसाठी की बाजरीसाठी?

शेजारी शेव तळतायत. लवंगेचा वास
लगद्याच्या पुदिन्यात मिसळतो.
सर नाकाने श्वास घेतात, डोळे माझ्यावर.
आता मला मोकळं रान. आणि मी गप्प.
बोलता न येणाऱ्याशी वाद
म्हणजे हात बांधलेल्याशी कुस्ती.

साचा निघतो. चूळ भरून ते म्हणतात, हं, बोल.

बाजरीसाठीच, सर.
पुढे बाजरी संपली, मिशनचा साहेब तापाने गेला,
पणजा मात्र राहिला.
त्या राहण्याचा हिशोब मला लागत नाही, तुम्ही लावा.

आणि रक्त?
मागच्या खेपेचे माझे चारशे तुम्ही दिले नाहीत.
मी सोडून दिले. ते हवेत विरले नाहीत, सर,
माझ्या गल्ल्यातून गेले.
बापाने दुसऱ्याला नाही पाठवलं मरायला, तो स्वतःच गेला.
तुमचं एकात तीन इथेच कुठेतरी येतं,
पण गणित माझं कच्चं.

सर हसले, हिरड्या दिसेपर्यंत.
म्हणजे ज्याचा त्याचा साचा, ज्याची त्याची कवळी.
सगळे धर्म सारखेच, भिया!

नाही, मी म्हणालो.
सगळ्या कवळ्या सारख्याच म्हणणाऱ्याने
कवळी कधी घातलेली नसते.
मी मानतो ते खरं वाटतं म्हणून,
तुम्ही नाकारता तेही खरं वाटतं म्हणूनच.
म्हणून तर आपण भांडू शकतो.
सारखंच म्हटलं की भांडण मिटतं,
आणि ऐकणंही.

मग ते नॅपकिनने हनुवटी पुसत बसले. बराच वेळ.
आणि माझी आई, अमोलिक?
खान नदी घरांत शिरली त्या रात्री
तिने अकरा माणसं ओट्यावर झोपवली, जात न विचारता.
येशूचं नाव तिने वाचलं ते औषधवाल्याच्या कॅलेंडरवर,
डिसेंबरच्या पानावर.
ती कुठे आहे, तुझ्या हिशोबाने?

या प्रश्नाची उत्तरं मला पाठ आहेत.
पाळकसाहेबांनी वर्ग घेतला होता, वहीसुद्धा आहे.
एकही बाहेर येईना,
लगदा जसा माझ्याच तोंडात घट्ट झालेला.
शेवटी म्हणालो, मला माहीत नाही.
एवढंच, की निवाडा करणारा मी नाही.
आणि जो करणार आहे
त्याच्या तळहातांना भोकं आहेत.

हे उत्तर नाही, सर म्हणाले.
नाही, मी म्हणालो.

आठवड्याने कवळी बसवली.
सकार तपासायला मी साठपासून सत्तरपर्यंत मोजायला सांगतो.
सरांनी मोजलं नाही.
आरशात बघून म्हणाले, सरस्वती.
शीळ वाजली.
तालूच्या बाजूने केसभर घासलं. पुन्हा, सर.
सरस्वती. सरस्वती विष्णुपंत धारकर.
आता स्वच्छ.

आमच्या पंथात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत.
रात्री गुडघ्यांवर बसून मी काही मागितलं नाही,
फक्त ते नाव घेतलं,
सकार जपून.

सोमवारी सर परत येतायत. डावीकडे टोचतं म्हणे.
शिवाय योनाच्या माशाबद्दल काही विचारायचंय.
चारशेचं काही बोलले नाहीत.